पॉइंटर समजत नाहीत म्हणून प्रोग्रामिंग सोडायचं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातली मुलगी यवतमाळला एसटीनं जाऊन-येऊन बीसीए करते, दुसऱ्या वर्षाला आहे. सी ही प्रोग्रामिंगची भाषा लूप, फंक्शन, ॲरेपर्यंत बरी चालली होती. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारे व्हेरिएबल, आले आणि सगळं अडलं. लॅबमध्ये विचारलं तर वरच्या वर्गातला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढंबी नाई समजून राह्यलं त बीए कर ना, इकडं काऊन आली?" नागपूरच्या एका क्लासमध्ये तिला सांगण्यात आलं की ज्याला सी येत नाही तो प्रोग्रामरच नाही, आणि पायथन ही दुसरी भाषा म्हणजे पोरखेळ. आता ती विचारते आहे: सर, कमी माझ्यातच आहे का? पायथन धरू, की हे सगळंच सोडू?

सोडू नकोस. बरीच वर्षं मी सीमध्येच यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहीत आलो आहे, आणि आर्वीला राहून मुलामुलींना शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, पॉइंटर खरोखरच अवघड आहेत. त्यात काही अवघडपणा विषयाचा आहे, काही या भाषेच्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, आणि बराचसा तुमच्या लॅबमधल्या जुन्या साधनांचा. यातला एकही तुझ्या डोक्याचा नाही. हे तिन्ही वेगळे केले की मार्ग दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सी भाषा ज्यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली, त्या डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये या भाषेच्या जडणघडणीवर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे की सीची ओळख बनलेल्या दोन गोष्टी, म्हणजे ॲरे आणि पॉइंटर यांचं नातं आणि व्हेरिएबल जाहीर करण्याची पद्धत, यांच्यावरच वारंवार टीका होते आणि नवशिके बऱ्याचदा इथेच ठेचकाळतात. भाषा घडवणारा माणूस हे मोकळेपणानं मान्य करतो. लॅबमधल्या त्या मुलानं तुला हिणवावं असं मग त्यात काय उरलं?

तू नेमकी कुठे अडली असशील ते बघ. वर लिहितो इंट, स्टार, पी (इंट म्हणजे पूर्णांक, स्टार म्हणजे * ही खूण). इथे स्टार सांगतो की पी मध्ये पत्ता राहणार आहे. दोन ओळी खाली लिहितो स्टार पी बरोबर पाच. इथे तोच स्टार सांगतो की पी मधल्या पत्त्यावर जा आणि तिथे पाच ठेव. आणखी खाली ए स्टार बी येतं, तिथे तो निव्वळ गुणाकार. एक खूण, तीन कामं. शिवाय एकाच ओळीत इंट स्टार पी, स्वल्पविराम, क्यू असं लिहिलं तर पी पॉइंटर होतो आणि क्यू मात्र साधा इंट राहतो. ॲरे, म्हणजे एका नावाखाली ओळीनं लागलेली घरं, फंक्शनकडे पाठवला की तिथे फक्त त्याच्या पहिल्या घराचा पत्ता पोचतो, आणि आत साइझऑफनं त्याचा आकार विचारला की बाहेरच्यापेक्षा वेगळाच आकडा येतो. ज्याला हे पहिल्या दिवशी विचित्र वाटत नाही, त्यानं ते नीट वाचलेलं नाही असंच मी समजतो.

यामागे एक विचार आहे, आणि तो कळला की ओळ वाचता येते. सीमध्ये वस्तू जशी वापरायची तशीच ती जाहीर करायची. म्हणजे इंट स्टार पी ही ओळ अशी वाच: "स्टार पी असं लिहिलं की मला इंट मिळेल." मग पी काय असला पाहिजे? इंटचा पत्ता. क्यूच्या मागे स्टार का लागला नाही, हेही लगेच कळतं. हे एक वाक्य वर्गात सांगितलं जात नाही आणि मुलं महिनोन्महिने चाचपडत राहतात.

नवशिक्यांना खुणा आणि शब्द किती नडतात यावर संशोधनही झालं आहे. अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही भाषांच्या बरोबरीनं एक अशीही भाषा नवशिक्यांपुढे ठेवली होती, जिचे मुख्य शब्द आणि खुणा कसलाही अर्थ न बघता निवडलेल्या होत्या. सीच्या वळणाच्या जावा आणि पर्ल या भाषांत नवशिक्यांची अचूकता त्या अर्थहीन भाषेपेक्षा फारशी वर गेली नाही. पायथन आणि रुबीमध्ये ती गेली. जावा आणि सी यांची लिखावट सख्ख्या बहिणींसारखी आहे, हे तुला ठाऊकच असेल.

आता तुमच्या लॅबकडे येतो. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत सी लिहायला-चालवायला अजून टर्बो सी हे जुनं साधन वापरतात, डॉसबॉक्समध्ये बसवलेलं, निळ्या पडद्याचं. बोरलंड कंपनीनं ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काढलं होतं, आणि डॉसमध्ये प्रोग्रामला नको त्या मेमरीत लिहिण्यापासून अडवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे पॉइंटरला पत्ता न देताच तू त्यातून काही लिहिलंस, तरी प्रोग्राम पुष्कळदा व्यवस्थित चालल्यासारखा दिसतो. उत्तरसुद्धा बरोबर येतं. कधीकधी संपताना नल पॉइंटर असाइनमेंट अशी एक ओळ उमटते, पण तोवर पडदा परत निळा झालेला असतो आणि ती ओळ ऑल्ट-एफ५ दाबल्याशिवाय दिसत नाही. हाच प्रोग्राम लिनक्स या आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जीसीसी या कंपायलरनं (प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात बदलणाऱ्या साधनानं) बनवून चालवला तर बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याची एरर, येऊन तिथल्या तिथे कोसळतो. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उणे आकड्यात जातो. आजच्या कंपायलरवर तो चार बाइटचा. गावाकडच्या कॉलेजातून आलेली मुलगी क्लासमध्ये "दोन" म्हणते आणि सगळे हसतात. तिनं तर आपल्या मशीनवर स्वतः बघितलेलं खरं उत्तर दिलेलं असतं.

मी पॉइंटर शिकवताना सातबारा घेतो, कारण तो प्रत्येक घरात असतो. उतारा म्हणजे शेत नव्हे. त्यावर गट नंबर असतो आणि त्यावरून शेत सापडतं. पी म्हणजे उतारा, स्टार पी म्हणजे त्या गटात जाऊन उभं राहणं. उताऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून शेतं दोन होत नाहीत. पी ची किंमत क्यू मध्ये टाकली की दोन कागद, एकच शेत, आणि एकाच्या हातानं पेरलेलं दुसऱ्यालाही दिसतं. शेत विकलं पण जुना उतारा कपाटात राहिला, आणि तो घेऊन कोणी नांगरायला गेला, तर फ्री केलेल्या, म्हणजे परत देऊन टाकलेल्या, मेमरीत लिहिण्यासारखं झालं. कागदावर गट नंबरच घातला नसेल, कुठलातरी आकडा पडून असेल, आणि त्या आकड्याच्या गटात जाऊन तू पेरलंस, तर तो पत्ता न दिलेला पॉइंटर. डॉसमध्ये तुला बांधावर अडवायला कोणी येत नाही, लिनक्समध्ये येतं. एवढं मनात धरून वहीत चौकोन आणि बाण काढायला घेतले की बहुतेक मुलांचं डोकं लागायला लागतं. मेमरी मागून घेणारं मालोक आणि परत देणारं फ्री त्यानंतर.

आता लोक असे का बोलतात, तेही सांगतो. तुझं दुखणं पॉइंटरपेक्षा त्या बोलण्याचं जास्त आहे.

जो माणूस एखादी गोष्ट रडत-पडत शिकतो, त्याला ते रडणं हळूहळू स्वतःचं प्रशस्तिपत्र वाटायला लागतं. दुसरा तीच गोष्ट हसत शिकला तर आपल्या प्रमाणपत्राची किंमत कमी होईल अशी भीती त्याला वाटते. शिवाय एकदा समजलेली गोष्ट समजण्याआधी कशी दिसत होती हे आठवत नाही, आणि हे भल्याभल्यांचं होतं. लॅबमधल्या मुलाच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. पॉइंटरचे प्रोग्राम पाठ करून पेपर देणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. अशाला कोणी "काऊन?" असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि उत्तर नसलं की तो आवाज चढवतो.

मोठ्या लोकांनीही हे केलं आहे. बेसिक ही भाषा डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये आणली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. अकरा वर्षांनी, १९७५ मध्ये, एड्सखर डायक्स्ट्रा यांनी लिहिलं की आधी बेसिक शिकलेल्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, त्यांची बुद्धी कायमची अधू झालेली असते. डायक्स्ट्रा फार मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण हे वाक्य चुकीचं निघालं. लिनस तोरवाल्ड्स यांनी आजोबांच्या कमोडोर व्हिक-२० या कॉम्प्युटरवर बेसिकपासूनच सुरुवात केली आणि पुढे लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सीमध्ये लिहिला. (हेच तोरवाल्ड्स सहकाऱ्यांना वाट्टेल तसं बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाले. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रकल्पांपैकी एकात हे होऊ शकतं तर कॉलेजच्या लॅबमध्येही होऊ शकतं.)

"हे जन्मतःच असावं लागतं" हा समज कुठून पक्का झाला, त्याचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नट यांचा २००६ मधला एक लेख खूप फिरला. शिकवायला सुरुवात होण्याआधीच एक छोटी परीक्षा घेऊन कोणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कोणाला नाही हे ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. बोर्नट यांनी तो दावा २०१४ मध्ये जाहीरपणे मागे घेतला. लेख सगळीकडे पोचला, माघार फार थोड्यांपर्यंत गेली. त्यानंतर २०१६ मध्ये एलिझाबेथ पॅटिट्सस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या ७७८ वर्गांचे निकाल तपासले. "जमणारे" आणि "न जमणारे" असे दोन सरळ गट खरंच असते तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसले पाहिजेत. तसे ते फक्त ५.८ टक्के वर्गांच्या निकालांत सापडले. बाकी सगळीकडे तुझ्यासारखीच मुलं, कोणी थोडी पुढे, कोणी थोडी मागे, मधे कुठेही भिंत नाही. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या शिक्षकांचा जन्मजात गुणावर विश्वास असतो, त्यांना संदिग्ध आलेखातही दोन उंचवटे दिसण्याची शक्यता जास्त असते.

यवतमाळला खोली करून राहणारा मुलगा संध्याकाळी सातपर्यंत लॅबमध्ये बसतो. तुला गावाकडची एसटी धरायची असते. एका कॉम्प्युटरवर तिघीजणी, आणि कीबोर्ड बहुधा ज्याला आधीच येतं त्याच्या हातात. वर्षभरात तुमच्या बोटांखालचे तास किती वेगळे होतात ते मोजून बघ. एरर मराठीत येत नाही, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला ती ओळ आधी वाचावी लागते, मग समजून घ्यावी लागते. वरून जे "डोकं" दिसतं त्यात या तासांचा वाटा किती आहे, हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे की आता कोणी "ती ढ आहे" म्हणालं की मी आधी बसची वेळ विचारतो.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, जी मला मनापासून महत्त्वाची वाटते. "मला हे अवघड जातं" असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यामुळे भाषा सुधारल्या आहेत.

रस्ट ही भाषा घे. २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. मेमरी कोणाच्या मालकीची, उसनी कोणाला किती वेळ दिली, याचे नियम ती कंपाइल होतानाच तपासते, आणि ते नियम शिकताना लोक मेटाकुटीला यायचे. सुरुवातीच्या कंपायलरमध्ये उसनं घेतलेलं मूल्य तुम्ही दुसऱ्याच ओळीत वापरून मोकळे झालात, तरी उसनवारी त्या कंसाच्या शेवटापर्यंत चालू धरली जायची. प्रोग्राम बरोबर असूनही एरर यायची. लोक जास्तीचे कंस घालून पळवाट काढायचे. "तुम्हाला मालकीचे नियमच कळले नाहीत" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. भाषेच्या चमूनं तसं केलं नाही. २०१७ च्या कामाच्या आराखड्यात शिकण्याची चढण कमी करणं हे उद्दिष्ट त्यांनी ठेवलं, आणि डिसेंबर २०१८ च्या आवृत्तीत कंपायलर शेवटचा वापर कुठे झाला ते बघून उसनवारी तिथेच संपवायला लागला. गोंधळलेल्या लोकांची तक्रार रास्त होती, म्हणून कंपायलर बदलला. त्याच्या आधी २०१६ मध्ये त्यांनी एररच्या संदेशांची मांडणीही बदलली होती, आणि ती कल्पना एल्म नावाच्या छोट्या भाषेवरून सुचल्याचं मोकळेपणानं सांगितलं होतं.

पायथनमधलं उदाहरण आणखी जवळचं. चौथ्या ओळीत कंस उघडलास आणि बंद करायचा राहिला, तर कित्येक वर्षं पायथन पाचव्या ओळीवर बोट ठेवून नुसतं इनव्हॅलिड सिंटॅक्स म्हणायचं. पाचवी ओळ निर्दोष. नवशिका ती पुन्हा पुन्हा लिहून बघायचा, आणि जाणकार म्हणायचे, वरची ओळ बघायची असते, एवढंही ठाऊक नाही? ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आवृत्ती आली, तेव्हापासून पायथन त्या उघड्या कंसावरच बोट ठेवून सांगतं की हा बंद झालेला नाही. पायथन १९९१ पासून आहे. तीस वर्षं जो दोष शिकणाऱ्याच्या माथी मारला जात होता, तो संदेशाचा होता.

"सोपं आहे गं, काही अवघड नाही" असं म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. ते मायेनं बोलतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की सोपंसुद्धा आपल्याला येत नाही. मी वर्गात हे वाक्य बोलत नाही. "हे अवघड आहे, यात वेळ जातो, आपण बसू" असं म्हणतो. रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन), पॉइंटर, एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड, यांतला काही अवघडपणा विषयाचाच आहे. भाषा बदलली तरी तो जात नाही, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

जाणकारांच्या बाजूनंही एक बोललं पाहिजे. फुकट वेळ देऊन शिकवणारे लोक थकतात. "सर, प्रोग्राम चालत नाही" एवढंच म्हणून कोणी फोटो पाठवला, तोही पडद्याचा तिरपा, तर चांगला माणूसही वैतागतो. हिणवायची परवानगी त्यातून मिळत नाही, पण तुझ्या हातात काही आहे, ते तू कर. प्रश्न विचारताना प्रोग्राम कमी करत करत आठ-दहा ओळींवर आण. काय यायला हवं होतं आणि काय आलं ते लिही. वहीत काढलेले चौकोन आणि बाण दाखव आणि म्हण, "इथपर्यंत कळलं, या बाणापासून पुढे नाही." असा प्रश्न मला आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. कितीतरी वेळा तो तसा लिहितानाच मुलांना उत्तर सापडतं.

शिक्षकांनाही एक विनंती. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग "हो सर" म्हणतो, आपल्याकडे तर म्हणतोच. त्याऐवजी दोन ओळींचा प्रोग्राम फळ्यावर लिहून प्रत्येकाला वहीत मेमरीचं चित्र काढायला सांगा. कोण कुठे अडलं आहे ते दहा मिनिटांत दिसेल, आणि कोणाला सगळ्यांसमोर हात वर करावा लागणार नाही.

आता पायथनचं. तो पोरखेळ नाही. जो पायथन आपण सगळे वापरतो तो स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे या दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही. तुझ्या अभ्यासक्रमात सी आहे, तेव्हा ती सोडू नकोस, पण दोन-तीन आठवडे बरोबरीनं पायथन कर. एक लिस्ट कर, ए. मग बी बरोबर ए लिही. बी मध्ये अपेंडनं एक आकडा जोड आणि ए छापून बघ. तोही वाढलेला दिसेल. दोन उतारे, एक शेत, आणि स्टार कुठेच नाही. ते डोक्यात बसलं की सीकडे परत ये.

घरी कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप टाक, त्यात क्लँग हा सीचा कंपायलर बसतो आणि सीचे प्रोग्राम चालतात. कंपाइल करताना डॅश डब्ल्यू-ऑल (-Wall, म्हणजे इशारे दाखव) लावायची सवय कर, म्हणजे पत्ता न दिलेला पॉइंटर वापरलास तर बऱ्याचदा तो आधीच सांगेल. पायथन ट्यूटर नावाचं साधन सीचा प्रोग्रामही ओळी-ओळीनं चालवून चौकोन आणि बाण काढून दाखवतं. नेट असेल तेव्हा त्यावर स्वॅपचं, म्हणजे दोन किमतींची अदलाबदल करणारं, फंक्शन चालव, आधी पॉइंटरशिवाय, मग पॉइंटरसह, आणि दोन्ही चित्रं वहीत उतरव.

आणि परीक्षेत सर सांगतात तसंच लिही, टर्बो सीच्या वळणाचं व्हॉइड मेन, कोनियो, क्लिअरस्क्रीन सगळं. तिथे गुण हवे आहेत. फोनवर मात्र इंट मेन लिही, कारण मुलाखतीला गेलीस की तेच चालतं.